तिरकं पाहिलं तरी रंग तोच: रुंद कोनात टिकणारे पातळ थरांचे कलर फिल्टर कसे डिझाइन करायचे

२०१६ नंतरची पाचशेची नोट हातात घ्या आणि हळूहळू तिरकी करा. मधला सुरक्षा धागा हिरव्याचा निळा होतो. लाल किंवा पिवळा कधीच होत नाही. व्यतिकरणातून, म्हणजे थराच्या दोन पृष्ठभागांवरून परतलेल्या लाटा एकमेकींत मिसळून, आलेला रंग कोन वाढला की निळ्या टोकाकडेच सरकतो, ही दिशा ठरलेली आहे. पावसाळ्यात वागळे इस्टेटच्या रस्त्यावर पसरलेल्या डिझेलच्या तवंगातही हाच खेळ चालतो. नोटेत हा गुण मुद्दाम घातलेला असतो. डिस्प्ले, सेन्सर किंवा सिग्नलच्या दिव्यासाठी फिल्टर बनवायला बसलं की मात्र तोच मोठा दोष ठरतो.

ठाण्यात, रबाळ्याला किंवा महाप्याला छोटा व्हॅक्यूम कोटर हाताशी असणाऱ्यांसाठी आणि ऑप्टिक्सच्या विद्यार्थ्यांसाठी हा लेख आहे. बोटमधून (पदार्थ तापवायच्या धातूच्या छोट्या पात्रातून) कोटिंग करणारं साधं चेंबर, क्वार्ट्‌झ क्रिस्टल मॉनिटर (थर बसताना त्याची जाडी मोजणारा), एक स्पेक्ट्रोफोटोमीटर (तरंगलांबीगणिक प्रकाश मोजणारा) आणि पायथन चालणारा संगणक एवढं आहे असं धरलं आहे.

रंग सरकतो कशामुळे

थराच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागावरून परतणाऱ्या दोन लाटांमधला पथफरक म्हणजे २ × अपवर्तनांक × जाडी × थराच्या आतल्या कोनाचा कोसाइन. इथे पुष्कळ जण अडखळतात. तिरका प्रकाश थरातून जास्त लांब जातो, मग रंग लालकडे का जात नाही? आतला प्रवास लांबतो हे खरंच आहे. पण तेवढ्या वेळात वरून परतलेली लाट बाहेर आणखी पुढे निघून गेलेली असते. वजाबाकी केली की फरक घटतो, आणि पथफरक घटला की जुळणारी तरंगलांबीही घटते.

नवी तरंगलांबी = मूळ तरंगलांबी × √(१ − (साइन कोन ÷ अपवर्तनांक)²)

यातला कोन हवेतला. समोरून ५५० नॅनोमीटरला शिखर असलेला हिरवा फिल्टर घ्या आणि ६० अंशातून पाहा. थर सिलिकाचा असेल (अपवर्तनांक १.४६) तर शिखर ४४३ वर येतं, म्हणजे हिरव्याचा चक्क निळा. झिंक सल्फाइड (२.३८) असेल तर ५१२. टायटॅनियम डायऑक्साइड दाट बसला असेल (२.४) तर ५१३. सिलिका आणि टायटॅनियम डायऑक्साइडच्या आलटून-पालटून थरांचा आरसा या दोन टोकांच्या मध्ये पडतो. त्याचा परिणामी अपवर्तनांक १.७८ धरला तर शिखर ४८० च्या आसपास येतं. म्हणून वीस-तीस थरांचा सुंदर, टोकदार डायइलेक्ट्रिक फिल्टर समोरून कितीही शुद्ध रंग देवो, रुंद कोनाच्या कामात तो बाद. ज्या थरात प्रकाश खेळतो तो थर जड, म्हणजे मोठ्या अपवर्तनांकाचा हवा. बाकीच्या युक्त्या याच्यानंतर येतात.

आणखी एक गैरसमज इथेच काढून टाकू. ‘फिल्टरवर काच चिकटवली की आतला कोन कमी होतो, मग रंगही कमी सरकेल’ असं पुष्कळदा ऐकू येतं. ६० अंशाचा किरण १.५२ च्या काचेत ३४.७ अंशावर येतो हे बरोबर आहे. पण स्नेलच्या नियमात अपवर्तनांक × साइन हा गुणाकार सगळ्या सपाट थरांत तोच राहतो. तो हवेत ०.८६६ असेल तर काचेखालच्या थरातही ०.८६६. त्यामुळे सपाट काच लावून रंगाची सरक तसूभरही कमी होत नाही. उलट प्रकाश काचेच्या किंवा रेझिनच्या आतच तयार होत असेल, उदाहरणार्थ एलईडीच्या डोक्यावर थेट फिल्टर बसवला असेल, तर हा गुणाकार १ च्याही वर जातो आणि परिस्थिती आणखी बिघडते.

आधी कागदावर काय लिहायचं

डिझाइन सुरू करण्याआधी चार गोष्टी लिहून काढा. एक, फिल्टर पारगमनाचा (प्रकाश आरपार जाणारा) की परावर्तनाचा. दोन, हवेतला कोन किती अंशांपर्यंत. ठाणे–वाशी लोकलमध्ये शेजाऱ्याच्या मोबाइलमध्ये डोकावणाऱ्याचा कोन सहज ५०–६० अंश असतो. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर मात्र कडेच्या किरणाचा कोन साधारण ३०–३५ अंशांच्या घरात असतो, आणि तिथलं गणित पुष्कळ सोपं पडतं. तीन, प्रकाश ध्रुवीकृत आहे का. एलसीडीशी जोडलेल्या फिल्टरवर एकाच दिशेचा ध्रुवीकृत प्रकाश पडतो, आणि त्याचा फायदा उठवता येतो. चार, रंगाची मर्यादा.

ही मर्यादा ‘शिखर इतके नॅनोमीटर सरकलं’ अशी लिहू नका. डोळ्याला नॅनोमीटर कळत नाहीत. डी६५ (दिवसाच्या उजेडाचा प्रमाण प्रकाश), सीआयई या रंगमापनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा १९३१ चा दोन अंशांचा निरीक्षक (सरासरी डोळ्याचं प्रमाण) आणि डेल्टा ई २००० (दोन रंगांतला दिसणारा फरक सांगणारा आकडा) या भाषेत लिहा. शेजारी ठेवलेल्या दोन पट्ट्यांत डेल्टा ई १ च्या आसपासचा फरक सरावलेल्या डोळ्याला जाणवू शकतो. पण समोरून पाहिलेला रंग आणि तिरका पाहिलेला रंग एका वेळी शेजारी नसतात, म्हणून इथे थोडी ढिलाई चालते. मात्र दोन फिल्टर एकाच फलकावर वेगवेगळ्या कोनांत बसणार असतील तर ही ढिलाई अंगाशी येते.

सगळे रंग सारखे सोसत नाहीत हेही ध्यानात ठेवा. निळा सरकून जांभळ्याकडे जातो, तिथे डोळाच मंद असतो, त्यामुळे रंग बदलण्यापेक्षा तो अंधारल्यासारखा दिसतो. लाल ६३० वरून ६०० वर आला की थेट नारिंगी होतो आणि लगेच खटकतो. हिरवा दोघांच्या मध्ये. यावर एक साधी सोय आहे: रंगाचं लक्ष्य शून्य अंशावर न ठेवता ३५–४० अंशांवर ठेवा. लाल फिल्टरचं शिखर समोरून ६४०–६५० ला असू द्या, म्हणजे मधल्या कोनात रंग बरोबर बसतो आणि चूक दोन्हीकडे वाटली जाते. समोरून थोडा जास्त गर्द लाल दिसला म्हणून कोणी तक्रार करत नाही.

कोणती रचना निवडायची

छोट्या चेंबरमध्ये पारगमनाच्या फिल्टरसाठी आमची पहिली पसंती चांदी–झिंक सल्फाइड–चांदी या रचनेला. दोन अर्धपारदर्शक चांदीच्या थरांमध्ये एक जड स्पेसर, म्हणजे अंतर राखणारा मधला थर. टायटॅनियम डायऑक्साइडचा अपवर्तनांक जवळपास तेवढाच आहे, पण तो नीट बसायला ऑक्सिजन आणि उष्णता लागते, आणि चांदीला नेमक्या याच दोन गोष्टी सोसत नाहीत. झिंक सल्फाइड आणि चांदी दोन्ही थंड काचेवर बसतात. काच १५० अंश सेल्सिअसच्या वर गेली की झिंक सल्फाइड नीट चिकटतच नाही, आणि चांदीच्या गुठळ्या होऊ लागतात. दोघांच्या गरजा अशा जुळतात म्हणून ही जोडी सोयीची.

चांदीचा आणखी एक फायदा वरच्या सूत्रात दिसत नाही. चांदीवरून परावर्तन होताना लाटेची फेज (कंपनाची अवस्था) जितकी वळते ती तरंगलांबीप्रमाणे बदलते, कारण चांदीचा शोषणांक लाल बाजूला वाढत जातो. कोन वाढून शिखर निळ्याकडे निघालं की ही फेज त्याला मागे ओढते. त्यामुळे प्रत्यक्ष सरक सूत्रापेक्षा कमी भरते. चांदीचे थर जाड धरून केलेलं ढोबळ गणित असं: झिंक सल्फाइडच्या स्पेसरमध्ये ५५० चं शिखर ६० अंशाला एस ध्रुवीकरणात (विद्युत कंपन आपतनाच्या प्रतलाला लंब) ५२० च्या आसपास आणि पी ध्रुवीकरणात (कंपन त्याच प्रतलात) ५४४ च्या आसपास येतं. दोन्हींची सरासरी ५३० च्या थोडी वर, म्हणजे वीसेक नॅनोमीटरची सरक. सिलिकाच्या स्पेसरमध्ये हेच आकडे ४५० आणि ५०९. तिथे नुसती सरक होत नाही, शिखराची दोन शकलं होतात आणि रंग फिका पडतो.

याच फेजमुळे स्पेसरची जाडी पाठ्यपुस्तकातल्या अर्ध्या तरंगलांबीपेक्षा बरीच कमी निघते. हिरव्यासाठी अर्धी तरंगलांबी ११५ नॅनोमीटर होते, पण लागतात सुमारे ७१. निळ्यासाठी (४५०) सुमारे ४६ आणि लालसाठी (६३०) सुमारे ९०. या तीन आकड्यांतून कामाची एक गोष्ट हाती येते: स्पेसर १ नॅनोमीटरने बदलला की शिखर जवळपास ४ नॅनोमीटर सरकतं. हा चारचा आकडा चेंबरवर चिकटवून ठेवा, पुढे त्याच्यावरच सगळी दुरुस्ती चालते.

सगळ्यात पातळ, म्हणजे पहिल्याच अनुनादाची रचना घ्या. दुप्पट जाड स्पेसरने शिखर टोकदार होतं, पण दृश्य पट्ट्यात दुसरं शिखर डोकावतं आणि कोनाची सरकही वाढते. टोकदार शिखराचा मोह इथे सोडायचा. रुंद शिखर थोडं सरकलं तरी बराचसा प्रकाश त्याच पट्ट्यात राहतो, अरुंद शिखर तेवढंच सरकलं की रंगच बदलतो.

परावर्तनाचा रंग हवा असेल तर वेगळा रस्ता आहे: धातूवर अतिशय पातळ, शोषणारा थर. हार्वर्डमधल्या फेडेरिको कपासो यांच्या गटाने २०१३ मध्ये सोन्यावर काही नॅनोमीटर जाडीचं जर्मेनियम बसवून असे रंग दाखवले. थर तरंगलांबीच्या मानाने इतका पातळ असतो की कोन बदलून पथफरकात फारसं काही घटतच नाही. कोनाला हे रंग फार चिवट, पण शुद्धता बेताची. सजावटीला छान, डिस्प्लेला नाही.

तिसरा रस्ता मिश्र. रंगद्रव्याची किंवा रंगीत काचेची शोषणाची कड कोनाने हलत नाही. म्हणून लाल फिल्टरमध्ये पुढे नारिंगी-पिवळं खाऊन टाकणारं रंगद्रव्य आणि मागे व्यतिकरणाचे थर ठेवले तर सरकलेलं शिखर त्या कडेवर अडतं आणि नारिंगी बाहेर येत नाही. थोडा उजेड जातो, पण रंग वाचतो. मोबाइल कॅमेऱ्यात अवरक्त अडवायला निळी शोषक काच वापरतात, त्यामागेही हाच हिशोब असतो.

रंग कोनाने बदलू न देणारी निसर्गातली रचना पाहायची असेल तर खाडीकाठी तारेवर बसलेला खंड्या पाहा. त्याचा निळा बाजूने पाहिला तरी बराचसा निळाच राहतो, कारण पिसाच्या आतली रचना थरांची नाही, स्पंजासारखी, सगळ्या दिशांना सारखी आहे. मोराच्या पिसात थरांसारखी शिस्त असते, म्हणून तो रंग बदलतो. आपल्याला थरच वापरायचे आहेत, त्यामुळे आपण मोराच्या गटात.

गणित: आकडेमोड आणि तिच्या चाचण्या

प्रत्येक थरासाठी दोन बाय दोनचं मॅट्रिक्स लिहून एकामागून एक गुणायचं, ही पद्धत सगळ्यांना माहीत आहे आणि पायथनमध्ये ती तीसेक ओळींत बसते. चुका ठरलेल्या जागी होतात.

धातूच्या थरात आतल्या कोनाचा कोसाइन संमिश्र संख्या असतो. वर्गमूळ काढताना दोन उत्तरं येतात. अपवर्तनांक ‘एन वजा आय के’ असा लिहिला असेल तर काल्पनिक भाग ऋण असलेलंच वर्गमूळ घ्या. काल्पनिक भागाचं चिन्ह कुठे उलटं पडलं तर चांदी प्रकाश शोषण्याऐवजी वाढवू लागते आणि पारगमन १०० टक्क्यांच्या वर जाऊ शकतं. असं दिसलं की दुसरीकडे शोधत बसू नका, चूक इथेच असते.

खऱ्या डिझाइनआधी तीन चाचण्या चालवा. नुसत्या १.५२ च्या काचेच्या एका पृष्ठभागाचं परावर्तन समोरून ४.२६ टक्के यायला हवं. त्याच काचेवर पी ध्रुवीकरण ५६.७ अंशाला शून्य व्हायला हवं. आणि त्यावर पाव तरंगलांबीचा मॅग्नेशियम फ्लोराइडचा थर (१.३८) ठेवला तर १.२६ टक्के. तिन्ही जुळले की कोडवर भरवसा ठेवा.

काचेची मागची बाजू विसरू नका. नुसती काचसुद्धा ६० अंशाला एका पृष्ठभागावरून सरासरी ९ टक्के प्रकाश परत पाठवते. त्यामुळे तिरक्या कोनात उजेड कमी होणारच. रंगाचा फरक आणि उजेडाचा फरक वेगवेगळे नोंदवा, नाहीतर काचेचा दोष फिल्टरच्या माथी येतो.

हिरव्या फिल्टरसाठी काचेपासून वर अशी सुरुवात करा: झिंक सल्फाइड ३५, चांदी २५, झिंक सल्फाइड ७१, चांदी २५, झिंक सल्फाइड ४०. बाहेरचे दोन झिंक सल्फाइडचे थर नुसती राखण करत नाहीत. ते चांदीचं परावर्तन कमी करून उजेड वाढवतात, आणि त्यांची जाडी बदलून फेज अशी वळवता येते की कोनाची सरक आणखी थोडी दाबली जाते. वर जाड चांदीचं गणित केलं होतं, खरी चांदी २५ नॅनोमीटरची असल्यामुळे स्पेसर काही नॅनोमीटर हलेल, ते संगणकाला ठरवू द्या.

ऑप्टिमायझरला ०, १५, ३०, ४५ आणि ६० अंश या पाच कोनांवरच्या डेल्टा ईची बेरीज कमी करायला सांगा. सोबत उजेडाला थोडं वजन द्या, नाहीतर तो चांदी जाड करत नेईल आणि काळपट पण ‘स्थिर’ फिल्टर हातात देईल. चांदीला २० ते ३५ नॅनोमीटरचं कुंपण घाला. दहाच्या खाली चांदी सलग थर न होता बेटांसारखी बसते आणि पुस्तकातले आकडे तिला लागूच पडत नाहीत. वीस-तीस वेगवेगळ्या सुरुवातींपासून चालवा. शेवटी प्रत्येक थरात २ टक्क्यांची यादृच्छिक चूक टाकून तीनशे वेळा आकडेमोड करा. सगळ्यात चांगलं डिझाइन निवडू नका. या तीनशेतलं सगळ्यात वाईट उत्तर ज्याचं सुसह्य असेल ते निवडा.

फिल्टर पुढे काचेला चिकटवायचा असेल तर बाहेरचं माध्यम हवा न धरता १.५ धरा. हवेसाठी काढलेला वरचा थर गोंदाखाली चुकतो, आणि ते कळतं चिकटवल्यावर.

पुस्तकातले अपवर्तनांक तसेच वापरू नका. तुमच्या चेंबरमधून निघणाऱ्या झिंक सल्फाइडचा एक सुटा, १०० नॅनोमीटरचा थर सिलिकॉनच्या तुकड्यावर बसवून एलिप्सोमीटरवर (ध्रुवीकृत प्रकाशाने थराची जाडी आणि अपवर्तनांक काढणाऱ्या यंत्रावर) मोजा. स्वतःचं यंत्र नसेल तर पवईच्या आयआयटीत बाहेरच्यांनाही वापरता येणारी साईफ ही सुविधा आहे. कोणतं उपकरण उपलब्ध आहे ते आधी विचारून वेळ घ्या आणि ऐरोली पुलावरून नमुना नेताना सिलिका जेल टाकलेल्या बंद डबीत न्या.

कोटिंग

काच डिटर्जंटने, मग डीआय (आयनमुक्त) पाण्याने, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन कोरड्या नायट्रोजनने वाळवा. तिच्यावर हलकेच श्वास सोडा. वाफ एकसारखी पसरून एकसारखी उडाली तर काच स्वच्छ, ठिपके किंवा रेघा दिसल्या तर पुन्हा धुवा. चेंबरमध्ये ग्लो डिस्चार्ज असेल तर पाचेक मिनिटं चालवा.

व्हॅक्यूम २ × १०⁻⁵ मिलिबारच्या खाली गेल्याशिवाय चांदी सुरू करू नका. जून ते सप्टेंबर इथली हवा इतकी ओली असते की चेंबरच्या भिंती पाणी पितात आणि पंप तासन्‌तास तेच पाणी ओढत बसतो. चेंबर उघडताना कोरडा नायट्रोजन सोडा, नमुने आधीच जिगवर (काच धरणाऱ्या चौकटीवर) लावून तयार ठेवा आणि दार पाच-दहा मिनिटांपेक्षा जास्त उघडं ठेवू नका. यात कसलंही शहाणपण नाही, पण पावसाळ्यातलं निम्मं काम एवढ्याने वाचतं.

क्रिस्टल मॉनिटरमध्ये चांदीची घनता १०.५ आणि झेड गुणोत्तर ०.५२९, झिंक सल्फाइडची घनता ४.०९ आणि झेड गुणोत्तर ०.७७५ भरा. टूलिंग फॅक्टर, म्हणजे जिगवरची खरी जाडी आणि मॉनिटरवरची जाडी यांचं गुणोत्तर, दोन्ही पदार्थांसाठी वेगळा काढा. मॉनिटरने १०० दाखवले आणि जिगवर प्रत्यक्षात ८८ निघाले तर आधीच्या टूलिंगला ०.८८ ने गुणा.

झिंक सल्फाइडचे ३ ते ६ मिलिमीटरचे तुकडे वापरा. भुकटी तापली की उडते आणि काचेवर शिंतोडे पडतात. मॉलिब्डेनमच्या बोटमध्ये शटर बंद ठेवून हळू तापवा, मग ०.५ ते १ नॅनोमीटर प्रति सेकंद या वेगाने बसवा. चांदी मात्र झपाट्याने: सेकंदाला १ ते २ नॅनोमीटर. हळू बसवलेली चांदी उरलेला वायू गिळते, खडबडीत होते आणि शिखराची उंची खाते. २ च्या वेगाला २५ नॅनोमीटर साडेबारा सेकंदांत होतात, त्यामुळे शटर ०.३ सेकंद उशिरा बंद झालं तर ०.६ नॅनोमीटर जादा. एवढं चालतं. स्पेसरमध्ये तेवढं चालत नाही.

जिग फिरत नसेल तर मध्यभाग आणि कड यांतला फरक आधीच काढा. छोटा स्रोत, वर ४०० मिलिमीटरवर सपाट जिग धरला, तर मध्यापासून ४० मिलिमीटरवर थर २ टक्क्यांनी पातळ होतो आणि ७५ मिलिमीटरवर जवळपास ७ टक्क्यांनी. ७१ चा स्पेसर तिथे ६६ होतो. चारचा आकडा लावा: शिखर वीस नॅनोमीटर निळ्याकडे. म्हणजे कोनाशी इतकी झटापट करून जेवढी सरक वाचवली, तेवढीच कडेला परत आली. फिरता जिग आणि मध्यापासून बाजूला ठेवलेला स्रोत हाच उपाय. तोवर मधल्या ८० मिलिमीटरच्या वर्तुळातलेच नमुने घ्या.

मध्येच वीज लुकलुकली आणि झिंक सल्फाइडचा थर अर्धवट राहिला तर व्हॅक्यूम टिकलं असेल तोवर तो पुढे पूर्ण करता येतो. चांदीचा अर्धा राहिला तर तो नमुना टाकून द्या.

सुरक्षेचं एकच, पण पक्कं: चेंबरमधली झिंक सल्फाइडची पुटं आम्लाने कधीही धुऊ नका. हायड्रोजन सल्फाइड वायू सुटतो, आणि तो बंद खोलीत जिवावर बेतू शकतो. मास्क लावून खरवडा आणि व्हॅक्यूम क्लीनरने ओढा.

मोजमाप आणि बिघाडाचा शोध

स्पेक्ट्रोफोटोमीटरमध्ये तिरका धरण्याचा होल्डर लावा. बेसलाइन त्याच जाडीच्या कोऱ्या काचेवर, त्याच कोनात घ्या. १.१ मिलिमीटरची काच ६० अंशाला किरण सुमारे ०.६ मिलिमीटर बाजूला सरकवते, आणि छोट्या डिटेक्टरवर तेवढ्याने आकडे बिघडतात. ५ मिलिमीटरचा प्रकाशाचा ठिपका ६० अंशाला १० मिलिमीटर लांब पसरतो, त्यामुळे नमुना त्याहून मोठा हवा. यंत्रातली ग्रेटिंग स्वतःच प्रकाश थोडा ध्रुवीकृत करते, म्हणून पोलरायझर न लावता घेतलेलं मोजमाप खरी सरासरी नसते. एस आणि पी वेगळे मोजा, मग सरासरी काढा.

पहिला नमुना बहुधा चुकतोच. समोरून शिखर ५५० ऐवजी ५६२ ला आलं तर १२ ला ४ ने भागा आणि स्पेसर ३ नॅनोमीटरने कमी करा. दुसऱ्या फेरीत तो दोन-तीन नॅनोमीटरच्या आत यायला हवा. फेरीगणिक चूक उलटसुलट होत असेल तर डिझाइनला हात लावू नका. क्रिस्टलचं आयुष्य संपलं आहे का, त्याचं थंड पाणी नीट वाहतं आहे का, ते आधी पाहा.

समोरून शिखर अचूक, पण ६० अंशाला अपेक्षेपेक्षा जास्त सरकलं, तर स्पेसर सच्छिद्र बसला आहे आणि त्याचा अपवर्तनांक कमी पडला आहे. जाडी वाढवून समोरचं शिखर जुळवता येतं, कोन जुळवता येत नाही. वेग आणि व्हॅक्यूम दोन्ही तपासा. चेंबरमधून काढल्यावर तासाभरात शिखर लालकडे सरकत असेल तर त्याच छिद्रांत इथली दमट हवा पाणी भरते आहे. म्हणून मोजमाप काढल्याबरोबर एकदा आणि २४ तासांनी पुन्हा करा. डिझाइनशी तुलना दुसऱ्या मोजमापाची करा.

शिखर बुटकं असेल तर संशय चांदीवर घ्या: वेग कमी, व्हॅक्यूम कमी किंवा बोट मळलेली. शिखर ठीक, पण दोन्ही बाजूंना उजेड गळून रंग फिका दिसत असेल तर चांदी पातळ पडली आहे. समोरून पाहताना फिल्टर आरशासारखा किरमिजी चमकतो हा मात्र बिघाड नाही. हिरवा पुढे गेला, उरलेला प्रकाश परत आला, एवढंच. उजेडाच्या खोलीत तो खटकत असेल तर पुढे वर्तुळाकार पोलरायझर लावावा लागतो.

काही आठवड्यांनी कडेकडून तपकिरी काळपटपणा आत सरकू लागला तर तो चांदीचा सल्फाइड. घरातलं चांदीचं निरांजन काळं पडतं तेच इथे घडतं, आणि ओहोटीला खाडीच्या चिखलाचा वास येतो तिथे ते जरा लवकरच. काच कोटिंगआधी मापात कापून घ्या. कोटिंगनंतर कापली की उघड्या कडेतून हवा आत शिरते. कडेचे २ मिलिमीटर मास्कने झाकून तिथे थर बसूच देऊ नका, आणि वर काच चिकटवताना गोंद त्या कोऱ्या पट्टीवर पूर्ण भरू द्या. मध्येच काळे ठिपके आले तर ते धुळीच्या कणांनी पाडलेल्या छिद्रांचे. पुढच्या वेळी काच वाळवल्यावर जिगवर लावेपर्यंत उघडी ठेवू नका.

प्रत्येक फेरीचे दोन साक्षी तुकडे बाजूला काढा, मागच्या बाजूला तारीख आणि फेरी क्रमांक लिहा. एक सिलिका जेलच्या डब्यात, दुसरा कारखान्याच्या खिडकीत उघडा ठेवा. ७ आणि ३० दिवसांनी दोघांना ० आणि ६० अंशाला पुन्हा मोजा.